काटेवाल्यांचा हिरवा तेजोमेघ

दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे तपासून जागेवर आणणं हा त्यांचा धंदा. म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. सकाळी वजनांची पेटी घेऊन ते बाहेर पडत, काट्यावर एकेक वजन ठेवत, मान तिरकी करून आकडा बघत आणि "पुढे पळतोय" किंवा "मागे राहतोय" एवढंच बोलत. दुकानदाराने गप्पा मारायचा प्रयत्न केला तर ते ऐकून घेत, हसत आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागत.

बायको घरीच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे आणि भिंतभर लावलेली दोऱ्याची रिळं. माणसांना बसायला जागा उरलेली नव्हती, त्यामुळे काटेवाले घरी आले की सरळ मागच्या अंगणात जात. अंगण म्हणजे पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि एक मोडकं बाकडं. पलीकडच्या भिंतीला लागून गाड्या धुण्याचं केंद्र होतं. तिथले दिवे संध्याकाळी लागले की अंगणात पेपर वाचता यायचा.

या अंगणात त्यांना आभाळाचे फोटो काढायचं वेड लागलं, आणि त्याला कारण झाला त्यांचा मेव्हणा. मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ होता. लोक फोनवर फोटो काढू लागले तसा तो बंद पडला. एके दिवशी तो एका पिशवीत जुना कॅमेरा, दोन भिंगं आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला.

"भाऊजी, भंगारात द्यायला जीव होत नाही. तुम्ही घ्या. काढा काहीतरी."

"काय काढू?"

"ताईचे काढा."

"मशीनवरून उठली तर काढीन," काटेवाले म्हणाले.

पहिले फोटो त्यांनी काट्यांचे काढले. मग टाकीचे. मग एका संध्याकाळी, दोरीवरचे कपडे काढून झाल्यावर, त्यांनी कॅमेरा बाकड्यावर आडवा ठेवला आणि डोक्यावर आलेल्या मृगाच्या तीन ताऱ्यांकडे रोखला. फोटोत आभाळ गढूळ पाणी सांडल्यासारखं आलं. तारे मात्र आले होते. त्या तीन ताऱ्यांच्या खाली एक ठिपका इतरांसारखा टोकदार नव्हता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा होता.

भिंगावर काहीतरी असेल म्हणून त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा फोटो काढला. ठिपका तसाच पुसट. दुसऱ्या दिवशी पुन्हा, भिंग बदलून. तरी तसाच. काटेवाल्यांचा आयुष्यभराचा अनुभव असा होता की चूक असली तर ती दर वेळी थोडी वेगळी येते. हे तर हटूनच बसलं होतं.

गावातल्या ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी आकाशनिरीक्षणाची हौस असलेली मंडळी जमत. ग्रंथपालबाई त्यांच्या म्होरक्या. काटेवाले फोटो घेऊन तिथे गेले.

"अहो, हा तेजोमेघ," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "वायू आणि धूळ यांचा ढग. त्याच्या पोटात नवे तारे तयार होतायत."

"धूळ? म्हणजे भिंगावरच होती ना?"

"नाही हो. तिकडची धूळ."

काटेवाले घरी आले ते गोंधळूनच. गाड्या धुण्याच्या केंद्रातल्या दिव्यांपायी आपल्याला समोरच्या घराची कौलंसुद्धा धड दिसत नाहीत, आणि तिकडची धूळ दिसते, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पण त्या दिवसापासून ते त्या धुळीच्या मागे लागले.

जवळ साधनं बेताचीच. पृथ्वी फिरते म्हणून तारे फोटोत लांबट येतात, हे कळल्यावर त्यांनी दोन फळ्यांना दाराचं बिजागर लावलं, मधून एक लांब स्क्रू घातला आणि तो बंद पडलेल्या घड्याळाच्या यंत्राला जोडला. फळी हळूहळू उघडत जायची आणि तिच्यावर बसवलेला कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकायचा. दिव्यांच्या बाजूने त्यांनी दोरीवर बायकोकडचं जाड काळं अस्तर टांगलं. एकदा भिंतीवरून डोकावून गाड्या धुणाऱ्यालाही सांगून बघितलं.

"थोडा वेळ दिवे घालवशील का?"

"घालवतो की. पण मग गाडी स्वच्छ झाली की नाही ते गिऱ्हाईक कसं बघणार?"

काटेवाले भिंतीवरून खाली उतरले. पुढे तो अधूनमधून भिंतीपलीकडून ओरडून विचारायचा, "काका, सापडलं का?"

ग्रंथालयातल्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या लोकांनी त्यांना खरी युक्ती शिकवली. एकच फोटो काढायचा नाही, ढीगभर काढायचे. कॉम्प्युटर ताऱ्यावर तारा बसवून ते सगळे एकमेकांवर रचतो. जे प्रत्येक फोटोत आहे ते ठळक होतं, जे उगाच आलेलं असतं ते विरून जातं. मग शहराच्या उजेडाची जी साय सगळीकडे पसरलेली असते ती काढून टाकायची. हे काटेवाल्यांना चटकन कळलं. मालाचं वजन करताना भांड्याचं वजन वजा करायचं, त्यातलाच प्रकार. पहिल्यांदा त्यांनी ते केलं तेव्हा गढूळ आभाळ बाजूला झालं आणि आतून पंख पसरल्यासारखा तो ढग वर आला. काटेवाले उठून उभे राहिले. आत जाऊन बायकोला हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण ती झालरीला चुण्या घालत होती. चुण्या घालताना हाक मारलेली तिला चालत नसे.

राहता राहिले रंग. कॉम्प्युटरवर रंगांच्या पट्ट्या होत्या, त्या पुढेमागे सरकवायच्या. काटेवाल्यांनी त्या सरकवत सरकवत आभाळ स्वच्छ काळसर केलं आणि ढग त्यांना उबदार राखेसारखा, शांत वाटेपर्यंत आणला. तसा तो त्यांना फार आवडला. त्यांनी तो फोटो मोठा छापून आणला आणि पुढच्या खोलीत मशीनच्या वर लावला.

बायको थोडा वेळ बघत राहिली. "छान आहे हो," म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

मेव्हणा आला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, एवढं शेवाळ कुठलं?"

हा नेहमीसारखी चेष्टा करतोय असं वाटून काटेवाले हसले.

मंडळाच्या पुढच्या रविवारी त्यांनी फोटो दाखवला. ग्रंथपालबाईंनी खिडक्यांचे पडदे ओढले, प्रोजेक्टरमधून भिंतीवर फोटो आला आणि कोणीच काही बोलेना. काटेवाल्यांना वाटलं, लोक थक्क झाले. मग मागून पोस्टात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी घसा खाकरला.

"हा हिरवा मुद्दाम ठेवलाय का?"

काटेवाल्यांना प्रश्नच कळला नाही. हिरवा काय? कुठे? सगळे त्यांच्याकडे वळून बघत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो. मुद्दामच."

"वा," पोस्टातले गृहस्थ म्हणाले. "धाडस आहे."

"सगळे आपले लाल रंगाच्या मागे लागतात," आणखी कोणीतरी म्हणालं. "यात काहीतरी वेगळा विचार दिसतो."

टाळ्या पडल्या. काटेवाल्यांनी मान हलवली, सामान आवरलं आणि चहालाही न थांबता ते बाहेर पडले. वाटेत त्यांनी बरोबर आणलेला छापील फोटो नळकांड्यातून काढून उन्हात धरला, उलटा केला, तिरका केला. राख ती राखच.

पहिला संशय छपाईवाल्यावर. "तुझ्या मशीनमधून हिरवी शाई जास्त येते का रे?"

"तुम्ही दिलं तसं छापलं, काका. मीच विचारणार होतो, पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं."

दुसरा संशय कॉम्प्युटरवर. त्यांनी मेव्हण्याला बोलावून त्याचा पडदा तपासायला लावला. मेव्हण्याने तपासला. पडदा ठणठणीत होता. मग काटेवाल्यांनी एक वेगळंच काम सुरू केलं. काटे तपासायला जातील तिथे फोनवर तो फोटो उघडून दाखवायचे आणि विचारायचे, "हे कोणत्या रंगाचं दिसतं?" औषधांच्या दुकानात म्हणाले हिरवं. खिळ्यामोळ्यांच्या दुकानात म्हणाले, हिरवंच, जरा मळकट. भाजीवाली म्हणाली, कोवळ्या गवतासारखं आहे, आणि हे कोणाच्या शेतातलं असंही तिने विचारलं. काटेवाल्यांना वाटायला लागलं की सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवलंय. पण औषधवाला आणि भाजीवाली एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यातले काटे तपासून झाल्यावर ते तिथल्याच डोळे तपासणाऱ्या बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुमच्याकडे काटा आहे का?" सवयीने त्यांच्या तोंडून निघालं.

"नाही हो. डोळ्यांचं वजन नसतं."

"मग माझेच डोळे बघा जरा."

बाईंनी त्यांना रंगीत ठिपक्यांनी भरलेली गोल चित्रं दाखवायला सुरुवात केली. "यात आकडा दिसतो तो सांगा."

काटेवाल्यांनी सवयीप्रमाणे मान तिरकी केली. त्यांचं सगळं आयुष्य आकडे वाचण्यात गेलं होतं. धुळीत, अंधारात, तुटक्या काचेमागचा आकडा ते वाचत आले होते.

"यात आकडा कुठे आहे?"

बाईंनी पान उलटलं. त्यातही नव्हता. पुढच्या पानावर काहीतरी असल्यासारखं वाटलं, पण तो तीन की आठ, हे त्यांना सांगता येईना.

"तुम्हाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "जन्मापासूनच असणार. खूप पुरुषांना असतं. घाबरण्यासारखं काही नाही."

"पण सिग्नल दिसतो मला."

"वर कोणता आणि खाली कोणता हे पाठ आहे तुम्हाला."

काटेवाले परत येताना चौकातल्या सिग्नलपाशी उभे राहिले. दिवे बदलत होते. वरचा, मधला, खालचा. वर-खाली विसरून नुसता रंग बघायचा त्यांनी प्रयत्न केला. रंग होता. पण तो लोक म्हणतात तोच का? आणि लोक म्हणतात तो नेमका कोणता? रस्ता ओलांडायचं राहूनच गेलं. मागच्या एका माणसाने विचारलं, "काका, कुठे जायचंय?" तर तेही त्यांना पटकन आठवेना.

घरी त्यांनी बायकोला मशीन थांबवायला सांगितलं. हे कधी होत नसे, म्हणून तिने लगेच थांबवलं. त्यांनी झालं ते सांगितलं. ऐकून ती आधी हसली. मग तिची नजर भिंतीवरच्या रिळांकडे गेली.

"म्हणजे मी मरून रंगाचं रीळ मागायचे आणि तुम्ही काळपट हिरवं आणून द्यायचात, ते..."

"मला वाटायचं माझं लक्ष नसतं."

"आणि मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता. पुन्हा काम सांगू नये म्हणून."

लग्न झाल्यापासून या रिळांवरून त्या घरात भांडणं झाली होती. "यांना काम सांगायची सोय नाही" हे वाक्य तिने बहिणींना, शेजारणींना, गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकवलं असेल त्याची गणती नव्हती.

"मग ते आपलं पुढचं फाटक?" तिने एकदम विचारलं.

"फाटकाचं काय?"

"तो रंग तुम्हाला आवडतो म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले ना!"

"मला कुठे आवडतो? तू सांगितलास तो आणला."

"मी हिरवा सांगितला होता!"

"मग?"

"ते फाटक विटकरी आहे, अहो!"

दोघं उठून बाहेर गेली आणि फाटकासमोर उभी राहिली. शेजारीण जाता जाता म्हणाली, "काय, रंग काढणार वाटतं?" काटेवाल्यांना ते फाटक पूर्वी दिसायचं तसंच दिसत होतं. तरी ते दुसऱ्याच कोणाच्या घराचं असल्यासारखं वाटलं.

त्यांना वाटलं होतं की बायको हळहळेल. पण ती चिडली. आत जाऊन तिने दोन झालरी शिवल्या, मग बाहेर येऊन म्हणाली, "एवढी वर्षं मला सांगायचं नाही?"

"मलाच माहीत नव्हतं."

"तरी."

हा 'तरी' ऐकून आत कुठेतरी त्यांना तिचं बरोबर आहे असंही वाटलं. का, ते सांगता आलं नसतं.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा बांधून ठेवला. फळ्या टाकीमागे गेल्या. भिंतीवरचा फोटोही त्यांनी उतरवला. काटे तपासायला मात्र जात होते. वजनाला रंग नसतो, ही एक गोष्ट जागेवर होती. गाड्या धुणारा एकदा म्हणाला, "काका, हल्ली काही शोधत नाही वाटतं?" तर ते म्हणाले, "काय शोधतोय तेच कळेना."

फोटो पुन्हा सुरू केले ते बायकोने. एका दुपारी काटेवाले घरी आले तर ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. मशीनवर अर्धा पडदा तसाच पडलेला.

"हे पट्ट्या सरकवायचं कसं करता? दाखवा."

त्यांनी दाखवलं. ढग काळा-पांढरा होईपर्यंतचं सगळं काम त्यांनी केलं. ते त्यांना अचूक येत होतं. मग ते बाजूला सरकले आणि ती रंग देऊ लागली. तिचा हात भरभर चालला. कापडाच्या दुकानात पन्नास छटांतून एक उचलणारी बाई ती. थोड्या वेळाने मागे रेलून म्हणाली, "झालं. आता बघा... म्हणजे, तुम्ही काय बघणार म्हणा. पण झालं."

तेवढ्यात मेव्हणा आला. त्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. "ताई, हे काय? एवढं गुलाबी कुठे असतं? लाल पाहिजे. माझा जन्म फोटो धुण्यात गेलाय."

"गुलाबी नाहीये ते. डाळिंबी आहे."

"डाळिंबी असा असतो? हा राणी रंग झाला!"

"राणी रंग तुला माहीत तरी आहे का? तुझ्या स्टुडिओतल्या सगळ्या नवऱ्या कावीळ झाल्यासारख्या दिसायच्या!"

बहीणभाऊ हमरीतुमरीवर आले. ती रिळं आणून पडद्याला लावून दाखवू लागली. तो म्हणाला, पडद्याच्या उजेडात रिळांचे रंग बदलतात. मधे बसलेले काटेवाले एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

"म्हणजे डोळे धड असूनही तुमचं एकमत नाही?"

"माझं आहे," दोघंही एकदम म्हणाली.

मंडळाच्या पुढच्या रविवारी काटेवाले बायकोला घेऊनच ग्रंथालयात गेले. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगून टाकलं की मागच्या फोटोतला हिरवा मुद्दाम नव्हता. त्यांना तो दिसतच नाही. सांगताना कान तापले, पण सांगितलं. मंडळी हळहळली, दोघातिघांनी पाठीवर हात ठेवला. पोस्टातले गृहस्थ मात्र अस्वस्थ झाले. त्यांनी आपला फोटो आणला होता. तो भिंतीवर आला. मृगाचाच तेजोमेघ होता, आणि काटेवाल्यांच्या बायकोने हळूच सांगितलं की तो हिरवागार आहे.

"तुमचं बघूनच केला," गृहस्थ म्हणाले. "महिनाभर खपलो. आता तुम्ही म्हणता ती चूक होती?"

काटेवाल्यांनी ग्रंथपालबाईंकडे बघितलं. "बाई, तुम्हीच सांगा. खरा रंग कोणता?"

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला. "त्याचं असं आहे, साध्या दुर्बिणीतून बघितलं तर बहुतेक सगळ्यांना तो राखाडीच दिसतो. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही."

"सगळ्यांना?"

"बहुतेकांना. कॅमेऱ्यात लालसर येतो. आणि मोठ्या दुर्बिणीतून बघणारे काहीजण सांगतात की मधोमध किंचित हिरवट झाक दिसते."

"हिरवट? म्हणजे माझं बरोबर होतं?"

"तसंही नाही म्हणता येणार. तुम्ही आभाळसुद्धा हिरवं केलं होतं."

"मग कोणाचं बरोबर?"

"तुम्ही काटेवाले, तुम्हाला एकच आकडा पाहिजे," ग्रंथपालबाई हसल्या. "मला नाही हो देता येत."

परत येताना बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "आधी मला वाटत होतं फक्त मलाच कळत नाही. ते सोपं होतं." तिने थोडा विचार केला आणि सांगितलं की फाटक आता हिरवं करायचं, त्यात तरी वाद नाही. तो डबा मात्र तिने स्वतः जाऊन आणला.

आता त्या घरातले तेजोमेघ दोघांचे असतात. संध्याकाळी दिवे लागले की काटेवाले फळ्या मांडतात, अस्तर टांगतात, फोटो काढतात आणि काळं-पांढरं चित्र तयार करून देतात. पुढचं काम तिचं. मेव्हणा येऊन नावं ठेवतो, ती त्याला चहा देऊन घालवते. मंडळात आता लोक काटेवाल्यांना विचारतात, या वेळचा रंग कसा ठरवला, तर ते बायकोकडे बोट दाखवतात. ती म्हणते, "आतून वाटतो तसा." हे ऐकून काटेवाले दर वेळी गोंधळतात, कारण आतून वाटलेलं वजन त्यांनी कधी कोणाला लिहून दिलं नाही.

परवा त्यांनी मृग सोडून नवी जागा धरली. एक फार मंद ढग, मोठा आणि विरळ. दोन आठवड्यांचे फोटो एकमेकांवर रचून झाले होते. शहराचा उजेड वजा करून उरलेल्या करड्या चौकोनाकडे दोघं बघत बसली.

"आहे का त्यात काही?" तिने विचारलं.

"मला वाटतं आहे. इथे, डावीकडे. गोलसर."

"मला तर काहीच दिसत नाही."

काटेवाल्यांनी मान तिरकी करून पुन्हा बघितलं. आता त्यांनाही खात्री वाटेना. "आणखी थोडे फोटो काढू," ते म्हणाले.

"काढा. तोवर मी पान वाढते," म्हणत ती उठली. ते मात्र तिथेच, पडद्याला नाक लागेल इतके पुढे सरकून बसले.